पावडर लावलेलं शिंगरू

(माहीमच्या खाडीकडचा पत्र्याचा तबेला. सकाळचे साडेआठ. लग्नाच्या बग्गीचा मालक रॉनी, त्याची बारा वर्षांची मुलगी केझिया, आणि त्यांच्या फोनवरून काळाचौकीहून धावत आलेले घोड्यांची निगा राखणारे निवृत्त मोतद्दार रामजी.)

रॉनी : लिलीने परत लाथ मारली! बघितलंत, काका? थोडक्यात वाचलं. स्वतःचं पोर, आणि जवळ येऊ देत नाही.

रामजी : शिंगराला आधी बाजूच्या खणात घे. आणि घोडीवर ओरडू नकोस.

रॉनी : साडेपाचला जन्मलं. तीन तास झाले, पोटात थेंब नाही. डॉक्टर परळहून निघालेत, पण ट्रॅफिकमध्ये आहेत. पिशवीचं दूध आणलंय. बाटलीने पाजू?

रामजी : अजिबात नाही. त्याला आईचा चीकच पाहिजे. पहिलं घट्ट पिवळं दूध. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते, आणि जितका उशीर, तितकी ती अंगाला कमी लागते. केझिया, कोपऱ्यात रडतेस काय? ये इकडे. हे उभं कधी राहिलं?

केझिया : साडेसहाला. चार वेळा धपकन पडलं, आजोबा. पाचव्यांदा राहिलं.

रामजी : म्हणजे पाय दणकट आहेत. आता त्याच्या मानेला हात लाव. कसं लागतं?

केझिया : मऊ.

रामजी : आणि वास कसला येतो?

केझिया : ...पावडरचा.

रॉनी : कसल्या पावडरचा?

केझिया : बेबी पावडर. कॉनरॅडच्या बाप्तिस्म्याला आणलेली. डॅडी, तू दूध आणायला गेलेलास ना, तेव्हा मी त्याला आंघोळ घातली. गरम पाणी, बेबी सोप, सगळं. किती चिकट होतं ते! फ्लॉरेन्स आंटी तिच्या बाळाला, कॉनरॅडला, रोज असंच करते.

रॉनी : अगं काय केलंस हे! गेल्या खेपेला लिलीचं मेलेलं जन्मलं. अकरा महिने आपण हिला जपतोय, बग्गीला जुंपली नाही, आणि तू...

रामजी : रॉनी, पुरे. पोरीने माया केली, चोरी नाही. केझिया, लाइट गेलेले असताना मम्मी शेजारी येऊन बसली, तर तुला कशी कळते?

केझिया : तिच्या तेलाच्या वासावरून.

रामजी : तसंच लिलीचं. तिने बाळ चाटून चाटून त्याचा वास मनात धरला. तू तो धुऊन टाकलास. आता तिला वाटतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, मग माझं कुठे गेलं? म्हणून चिडलीय.

केझिया : मग आता ते मरणार?

रामजी : का मरेल? गेलेला वास परत आणू. रॉनी, शिंगरामागून पडलेली वार कुठे टाकलीस?

रॉनी : बादलीत ठेवलीय, झाकून. तुम्हीच शिकवलंत ना, तुकडा आत राहिला तर घोडी हातची जाते. सगळी पडलीय ना, ते बघितल्याशिवाय टाकायची नाही.

रामजी : पसर इथे... हं. अख्खी आहे, कुठे फाटलेली नाही. लिलीची काळजी मिटली. केझिया, ओल्या फडक्याने आधी पावडर पूस. मग ही वार त्याच्या अंगावरून फिरव. डोकं, पाठ, शेपटीच्या मुळाशी जास्त. आया तिथेच हुंगतात.

केझिया : ईऽऽ! मी?

रामजी : मग कोण, मी? माझी कंबर आता तितकी वाकत नाही. चल.

केझिया : शी... गार पडलीय ही. आजोबा, ते माझा कान चोखतंय!

रामजी : भूक लागलीय त्याला. चांगलं लक्षण आहे. रॉनी, लिलीचा पुढचा पाय उचलून धर. तीन पायांवर उभ्या घोडीला लाथ मारता येत नाही. मी थोडा चीक काढतो... हा घे वाटीत, केझिया. त्याच्या पाठीला चोळ, थोडा ओठांना लाव.

केझिया : मधासारखा आहे! लावला. आता?

रामजी : आता तू लिलीच्या खांद्याशी ये. मागे अजिबात जायचं नाही. शिंगराला मी आणतो. आधी तिच्या नाकाशी. कुणी बोलू नका.

रॉनी : कान मागे टाकले, काका.

रामजी : दिसतंय. पाय सोडू नकोस. लिली... बाई माझी... हुंग. परत हुंग.

केझिया : शेपटीकडे हुंगतेय! आजोबा, कान पुढे आले!

रॉनी : ऐकलंत? कशी हुंकारली! पोटातून!

रामजी : बोलावतेय त्याला. जा रे राजा, मागे जा. तो पाय नव्हे, खुळ्या. अजून मागे. वर...

केझिया : धरलं! सड धरलं! डॅडी, शेपटी बघ कशी हलतेय!

रॉनी : पाय सोडू का, काका?

रामजी : हळूच सोड.

रॉनी : नाही मारत! उभी आहे! काका, चाटतेय त्याला! जीझस... काका, तुम्ही...

रामजी : मला मिठी नंतर मार. घोट मोज. नुसतं चोखणं वेगळं, गिळणं वेगळं. गळा बघ, केझिया.

केझिया : एक... दोन... तीन, चार! गिळतंय! पाच! आजोबा, जिंकलो!

रामजी : जिंकलीस. आता त्याला पोटभर पिऊ दे.

केझिया : आजोबा... लिली माझे हात चाटतेय.

रामजी : मग हलू नकोस. तिचं होऊ दे.