लाल गाडी उभीच होती

माहा जलम बाभुळगावच्या अल्याडच्या एका खेड्यातला, रस्त्याले लागूनच आमचा बौद्धवाडा, आन् नाव सुदाम लिहा मॅडम, सुदाम मिस्त्री म्हनलं का यवतमाळात कोनीबी माहं गॅरेज दाखवते. आजानं दीक्षा घेतली तवा माहा बाप लहान होता, आजाच्या मागं मागं नागपूरले पायी गेलता म्हने, आन् वापस येताना आजा त्याले येवढंच म्हनला का आता मान खाली घालून चालाचं नाई. तीच शिकवन आमच्या घरात. म्हून मी मान वर करून चालतो, आन् याच्यानंच लोकाच्या पोटात दुखते, मले काई दुसरं कारन दिसत नाई.

बाप जिनिंगमधी रुईच्या गाठी उचले, मी त्याच गाठी ट्रकवर न्याचो. गुजरात पाह्यलं, मुंबई पाह्यली, सारी ट्रकच्या काचातून पाह्यली. गाठी भरलेला ट्रक कसा चालवाचा माहीत हाये का तुमाले, म्हशीवानी, ब्रेक मारला का लय पुढं जाऊन थांबते, त्याच्यानं मानसाले दूरचं पाहाची सवय लागते. मंग ते कापसाचे खराब वर्षं आले. जिनिंग बंद पडल्या, ट्रक उभे राह्यले, आन् मी गॅरेज टाकलं, कारन गाडीच्या आतलं मले बाहेरच्यापेक्षा जास्त समजते.

ते लाल गाडी मले भंगारात भेटली. नागपूरच्या कोन्या मोठ्या मानसाची, विलायती, दोन दाराची, बुटकी, त्यानं झाडावर घातली होती. तो वाचला पन गाडीचं तोंड सपाट. मी आनली, गॅरेजच्या मांगं ताडपत्रीखाली ठेवली, आन् दिवसा लोकाच्या गाड्या आन् सांच्याले हिचं काम. शोभा, माही बायको, म्हने का सवत आनली घरात. पन ज्या दिवशी इंजिन सुरू झालं ना, तीच भाईर आली, पदराले हात पुसत, आन् म्हने, अगं बाई, हे तं गानं म्हनते. तसाच आवाज होता, खोटं कायले सांगू.

आता मजा कशी घ्याची तेबी लिहून घ्या, कारन लोकाले वाटते जोराची गाडी म्हनजे डोकं फिरलेला मानूस. रविवारी सकायी, उजेड चांगला झाला का, यवतमाळहून बाभुळगावच्या रस्त्यानं निंगाचं. टायरची हवा पाहाची, पट्टा लावाचा, पोटात थेंब नाई पाहिजे दारूचा, चहाचाच. गाव आलं का गिअर खाली, बैलबंडीच्या मागंच राहाचं जोवर पुढचं साफ दिसत नाई तोवर. आन् मोकळा रस्ता लागला, दोन्ही बाजूनं वावर, समोर कोनी नाई, तवा वळनाच्या अगुदर गिअर टाकाचा आन् वळनातून निंगताना हलकासा पाय द्याचा, बस. गाडी अशी वळते का पोटात गुदगुल्या होते. काट्यावर पाहा तं सत्तरच. काय सांगू तुमाले, मी या वयात एकटाच हासतो गाडीत. त्याच्यात कोनाचं काय गेलं?

पन नाई. गावात मरन होऊन राह्यले, कापूस कोनी इचारत नाई, आन् हा लाल गाडी मिरवते, असं लोकं म्हनत. अरे बापा, मी काय कोनाच्या तोंडचा घास काढून गाडी केली? माह्या हाताची हाये ते. आन् मिरवते कोन ते पाहा ना. त्याच वर्षात पुढाऱ्याइच्या गाड्या याच्या, कोन्या घरी कर्त्या मानसानं जीव देल्ला का तिसऱ्या दिवशी त्याइचा ताफा. पांढऱ्या गाड्या, एकामागं एक, भोंगा वाजवत, गावातून अशा जाच्या का कोंबड्या उडाच्या, लेकरं नालीत पडाचे. सांत्वनाले चालले म्हने! ज्या घरी मरन झालं त्या घरी जाताना दुसऱ्याच्या दारातलं लेकरू मारत जाचं का? त्याइले कोनी बोललं नाई. बोलले मले, जो गावातून बैलाच्या चालीनं जाते त्याले.

आता तुरीचं सांगतो, ते समजल्याबिगर पुढचं समजनार नाई. आमच्याकडं कापसात तूर राहते. तूर कापली का पूर्वी खळ्यावर बडवत, आता खळं कोनाले हाये, तं लोकं तुरीच्या पेंढ्या सरळ डांबरी रस्त्यावर पसरवते. येनाऱ्याजानाऱ्या गाड्याइच्या चाकाखाली शेंगा फुटते, फुकटची मळनी. मंग झाडून दाना इकडं, कुटार म्हनजे भुसा तिकडं. सारे करते, माही सोनाआत्याबी करे. बापाची धाकटी बहीन ते, याच बाभुळगावच्या रस्त्याच्या काठालेच घर, नवरा गेलेला, पोरगा मिलिंद पुढाऱ्याच्याच संस्थेत शिपाई. मी तिले हजारदा म्हनलं, आत्या, याच्यानं कोनी मरन. कोरडं कुटार गाडीच्या खाली गुंडाळलं का तपलेल्या सायलेन्सरले चिकटते, पेट घेते, आन् दाने तं असे घसरते का ब्रेकले काई अर्थच नाई. ते म्हने, मंग मी काय डोक्यावर मळू?

म्हून माहा नेमच होता. तिच्या दारापुढं तूर दिसली का मी अलीकडंच गाडी काठाले घ्याचो, बंद कराचो, उतराचो. आत्या दाताळं घेऊन याची, मी हातानं, दोघं मिळून एका गाडीपुरती वाट मोकळी कराचो. गावातले पोट्टे हासाचे, येवढी ताकदीची गाडी आन् कुटाराले भेते! मी म्हनाचो, हासा लेकहो, तुमी हासा.

त्या रविवारीबी तसंच. गाडी बंद, मी बाजूनं बोनटले टेकून उभा, आत्यानं चहा आनून हातात देल्ला आन् स्वतः दाताळं घेऊन वाट साफ करून राह्यली. भोंगा आयकू आला. मी वरडलो, आत्या काठाले हो. ते झालीबी होती, माह्या गाडीच्या पुढं येऊन उभी राह्यली होती. पयली गाडी गेली, दुसरी गेली, कुटार सारं हवेत. तिसरी आली आन् दान्यावर घसरली, अशी आडवी होऊन आली, आत्याले घेतलं आन् माह्या बोनटवर दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मले आताबी येते मॅडम, चहा पितानाच येते. ती गाडी मागं झाली, काच खाली झाली, आतला मानूस म्हने, गाडी बाजूले घे ना बे, साहेबाले उशीर होऊन राह्यला. आन् गेले. गेले! कोन्या तरी घरी जाऊन रडाचं होतं त्याइले.

आत्याले मी लाल गाडीतच टाकलं, मांडीले माहा शर्ट बांधला. लोकं मले इचारते, त्या दिवशी तरी पळवली असशीन ना? मोकळ्या रस्त्यावर पळवली, हो, दिवे लावून, जेवढी माह्या हातात राहते तेवढी. पन गाव आलं तवा पाय काढला. आत्या कन्हत होती, माह्या डोयातून पानी, आन् तरी पाय काढला, कारन त्या गावातबी कोनाची तरी आत्या रस्त्यावर तूर पसरवून उभी राहतेच ना. तेव्हा हळू केली म्हून आत्याचा पाय गेला असं कोनी म्हनत असन तं त्यानं माह्यासमोर येऊन म्हनावं. डॉक्टर म्हनले, गुडघ्याचा चुरा झालता, उडत आनली असती तरी वाचला नसता.

सरकारी दवाखान्यातच पोलीस आला. त्यानं गाडी पाह्यली. लाल रंग, दोन दार, बोनट चेपलेलं, वर रगत. मी सारं सांगितलं, का गाडी उभी होती, बंद होती, मी चहा पीत होतो. तो हासला. मले म्हने, अबे, अशी गाडी उभी राहते का कधी? बस, येवढ्यावर त्यानं लिहून टाकलं, भरधाव लाल गाडीनं म्हातारीले उडवलं. गावात इचारलं तं कोनीच काई पाह्यलं नाई. तूर त्याइनंबी रस्त्यावर पसरवली होती, भेव त्याचंबी होतं, आन् ताफ्याचं नाव घ्याचं तं तोंडात जीभ नाई. जे पोट्टे मले हळू चालवतो म्हून हासत, त्यातल्याच एकानं साक्ष देल्ली का सुदाम जोरात आला. थू त्याच्या तोंडावर. लिहा, थू लिहा.

गाडी ठान्याच्या आवारात गेली. लिंबाच्या झाडाखाली उभी, वर कावळे हागत, आत उंदरानं वायरी खाल्ल्या. लायसन गेलं. मी त्या रस्त्यानं एसटीतून जाचो, खिडकीतून तिच्याकडं पाहाचो नाई, पन शोभा पाहे आन् सांगे, टायर बसले हो. गाडीचं दुःख मी गिळलं असतं. पन आत्या पोलिसाले खरं काई सांगेना, तेच मले खाऊन राह्यलं होतं. मिलिंदनं मले तिच्या खाटेजवळ येऊ देल्लं नाई. म्हने, दादा, माही नोकरी त्याइच्या हातात हाये, माय तुहंच नाव सांगन, तू समजून घे. मी म्हनलं, तुह्या मायनं मले लहानपनी कडेवर खेळवलं, आन् तिच्या तोंडून तू मले गुन्हेगार म्हनवशीन? तो खाली पाहे. आमच्या घरात कोनी खाली पाहत नसते मॅडम. मले त्याच्यापेक्षा त्याच्या मानेचाच राग आला.

मंग बाभुळगावच्या कोर्टात तारीख लागली. आत्या कुबड्या घेऊन आली, मिलिंद बाजूले, वाटनं तिले पढवत. मी मनात म्हनलं, संपलं. माह्याकडं पाह्यलंबी नाई तिनं. सरकारी वकिलानं इचारलं, बाई, लाल गाडी किती जोरात होती? मिलिंद खाकरला. मंग आत्या म्हने, साहेब, गाडी कुठची जोरात, माह्या भाच्याच्या हातात माहाच चहाचा कप होता, बशीबी त्यानं बोनटवर ठेवली होती, चालत्या गाडीवर बशी ठेवता येते का? ते फुटली, तिचे तुकडे माह्या मांडीतून डॉक्टरनं काढले. आन् मिलिंदकडं वळून म्हने, तुही नोकरी जाईन तं जाऊ दे, माहा एक पाय गेला, जीभ नाई गेली.

मी सुटलो, लायसन आन् गाडी वापस भेटली. ताफ्यातल्या गाडीचं काई झालं नाई, ते लिहून ठेवा, काईच नाई. मिलिंदची नोकरी गेली, तो आता माह्या गॅरेजवरच हाये, पंक्चर काढते, मानबी वर कराले लागला. गाडी मी पुन्हा खोलली, पुन्हा जोडली. बोनटचा चेप मात्र ठोकला नाई. शोभा म्हने, रंग तरी मार. मी म्हनलं, राहू दे, लोकाले दिसू दे.

तूर आता आत्याची माह्या गॅरेजच्या आंगनात मळते, मी काँक्रीट टाकलं तिच्यासाठी. पन बाकीचे रस्त्यावरच पसरवते, काई शिकले नाई, आन् गाड्या तं आता अजूनच जोरात येते. रविवारी मी आत्याले घेऊन निंगतो. ते पुढं बसते, पट्टा मले लावू देत नाई, स्वतः लावते. मोकळा रस्ता आला का म्हने, म्हनू दे रे गानं, आन् मी वळनातून हलकासा पाय देतो, आन् ते म्हातारी अशी हासते का दात नाई तोंडात तरी सारं तोंड भरून जाते. म्हने, सुखी राह्य बापा, तुही गाडी सुखी राहो. गाडीले आशीर्वाद देनारी तेच एक हाये.

आन् तूर दिसली का गाडी बंद. आत्या दार उघडते, कुबडी लावून उतरते, दाताळं आता आम्ही डिकीतच ठेवतो. मी वाट मोकळी करतो, ते उभी राहून पसरवनाऱ्याच्या सात पिढ्या काढते, तेबी तुम्ही लिहू शकनार नाई असं. मागून गाड्या येऊन उभ्या राहते, हॉर्न वाजवते, काच खाली करून शिव्या देते, का येवढी गाडी घेतली आन् रस्त्यात बैलावानी उभा हाये. आत्या त्याइच्याकडं वळते, कुबडी वर करते, आन् म्हनते, वाजव बापा, वाजव, आमी उभेच हाओ.