शेवंडीचा शेवटचा पाय

आमी किनवटकडचे. बाप गावात शिवणकाम करायचा, म्हणून माझ्या हातात सुई लहानपणीच आली, अन् त्याच सुईनं मी एका लेकीचं वाटोळं केलं, काय सांगू तुम्हाला. आजवर घरात बी बोललो न्हाई.

नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमधी शिपाई लागलो. कपाटात बाटल्याच बाटल्या, इच्चू, गोम, खेकडे, अन् एक शेवंड, म्हंजी समुद्रातला हातभर झिंगा. एकदा पुसताना तीच बाटली सुटली. काच गेली ती गेली, शेवंडीचे पाय बी गळाले, सगळे धा. नोकरी कच्ची, लई भ्यालो. औषधाच्या पाण्यात डिंक टिकत न्हाई, मंग पाय दोऱ्यानं शिवले, बापासारखे बारीक टाके, लांबीला लांबी जुळवून, दोन्ही बाजू सारख्या. आमचे सर म्हणले, वा रे टेलर! मी खुश. मला काय ठाव, मादीच्या शेवटच्या पायालाच बारका चिमटा असतो, नराला नसतो, अन् त्यो पाय मी मधी शिवलाय.

परीक्षेला आमच्याच गावची सुमन, मला मामा म्हणायची. शेवंड नर का मादी, ते ओळखायचं व्हतं. बाटलीला डोळा लावून लई वेळ पाहून राहिली, अन् लिहिलं, नर. परीक्षा घ्यायला बाहेरनं आलेले सर म्हणले, मादी हाय ती, डोळे घरी ठेवून आलीस का बाई? ती म्हणली, सर, शेवटच्या पायाला चिमटा न्हाई, पाहा की. सरांनी बाटली पाह्यली न्हाई, हातातली उत्तराची यादी पाह्यली. पोरं हसली. त्यानंतर तिच्या तोंडातनं एक उत्तर नीट निघालं न्हाई. मी ट्रे घेऊन तिथंच उभा, मला तवाच उमगलं, अन् मी गप राह्यलो. ती नापास झाली, बापानं शिक्षण सोडवलं, धर्माबादला लगीन लावून दिलं. वीस-बावीस वर्सं झाली.

परवा ती लेकीच्या अ‍ॅडमिशनची चौकशी करायला आली. म्हणली, मामा, लेकीला नीट दाखवा बरं का, माझे तर डोळेच मंद व्हते. हसून म्हणली हो.

आज लेकीला घेऊन येणार हाय. बाटली टेबलावर काढून ठेवलीया, घटकेघटकेला दाराकडं पाहून राहिलो. ऐन वक्ताला परत गप बसलो तर, हीच धास्ती. टाके अजून तसेच हायत, एक बी सुटला न्हाई. तिच्यासमोरच उसवीन म्हणतो. तिनं शिव्या द्याव्यात, साहेबाकडं जावं, राह्यलेली नोकरी बी जाऊ द्या. पण तिनं तवा बरोबर पाह्यलं व्हतं, एवढं तिच्या लेकीसमोर तिला कळू दे, बास.