मधल्या खोलीतली गाडी

अकोल्याला, जठारपेठेतल्या दवाखान्यात, माझ्या शेजारी बसलेल्या दोन बायका एकमेकींच्या जुन्या ओळखीच्या निघाल्या.

"काहून वं नीलम, पुन्हा डोकं?"

"माझंच नाही इफ्फतआपा, पोट्टीचंही. सासूबाईले तर भोवळ येते. माय म्हणते, घराले बाहेरचं लागलं. माहेरी तिवस्याले गेलो का आमी ठणठणीत, घरी आलो का पुन्हा चालू."

"कधीपासून?"

"शेत ठोक्यानं दुसऱ्याले दिलं तवापासून. हे रिकामेच. लेहले जायचं म्हणून मधल्या खोलीत मोटरसायकल खोलून बसतेत. आता नवा कार्बोरेटर लावला, तर इंजिन चालू ठेवून आवाज पाहून राहिले."

"सवतच आणली म्हण ना घरात!"

"शेजारचे आवाजानं कावतेत, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतेत. धूर घरातच कोंडते."

मी न राहवून विचारलं, "आत्ता घरी कोण आहे?"

"हे, सासूबाई अन् पोट्टी. दोघी निजल्या आहेत. काहून?"

"फोन लावा. इंजिन बंद करून सगळ्यांना बाहेर यायला सांगा. लगेच."

तिनं लावला. बराच वेळ कानाशी धरला. पुन्हा लावला.

"उचलून नाही राहिले," ती हसून म्हणाली. "गाडीच्या आवाजात ऐकू येत नसन."