खिशांचा सोफा

दवाखान्याच्या बाकावर दोन बहिणी मोबाईलवरचा फोटो बघत बोलत होत्या. शेजारी सोफे शिवणारा म्हातारा कारागीर कान देऊन बसला होता.

“ताई, जुनाच सोफा? ओळखूच येत नाही गं!”

“स्पंज उलटा केला, वर ह्यांचे कंडक्टरकीचे गणवेश शिवले. खर्च काय तो दोऱ्याचा.”

“अगंबाई! आणि खिसे?”

“तसेच ठेवले, सोफ्याच्या दोन्ही हातांवर. चष्मा राहतो.”

“भावोजी चिडले नाहीत?”

“तोंड फुगवलं ना! रिटायर होऊन वर्ष झालं, तरी दिवसभर दाराला टेकून उभेच असायचे. तीस वर्षांची सवय.”

“मग आता?”

“परवा मी चहा घेऊन गेले, तर सोफ्याच्या खिशांत हात घालून घोरत होते.”

कारागिराचं नाव पुकारलं. तो उठला आणि परत बसला.

“ताई, ते खिसे कसे बसवलेत, तेवढं सांगा.”