भिवजीचा विसावा दिवस

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मागच्या बायाबापड्यांनो, पुढं सरका, जागा आहे. आज एकच विचारायचंय – दिलेला शब्द मोडला, तर माणूस पापी होतो का? होतो म्हणता? सगळेच म्हणता! बरं. माना डोलवून झाल्या असतील तर ऐका.

काल जत्रेत राजा सुव्रताचं नाटक बघितलंत. पणज्यांपासून चालत आलेलं. राज्य वाचावं म्हणून राजा एकवीस दिवस अनुष्ठानाला बसतो. दार बंद! कुणीही आलं तरी उघडणार नाही, ही द्वारपाल भिवजीची शपथ. आणि एकविसाव्या दिवशी, चार घटका उरलेल्या असताना, हा पठ्ठ्या कडी काढतो. व्रत मोडतं, राज्य जातं. मग तुम्ही काय करता? 'घरभेद्या' म्हणून ओरडता, चुरमुरे फेकून मारता. नंतर देवळात सगळ्या नटांना नारळ, फक्त भिवजीचं काम करणाऱ्याला नाही. रीतच आहे आपली. राजा होतात आपले पाटील, त्यांना दोन नारळ. का? तर आवाज मोठा!

पण भिवजीचा विसावा दिवस नाटकात नाही. तो मी सांगतो.

त्या दिवशी दुपारी भिवजीची बायको आली, सगुणा. खांद्यावर चार वर्षांची लेक तानू, तापानं फणफणलेली. वैद्य एकच, आणि तो आत राजाजवळ.

'अवो, एक हाक मारा वैद्यबुवांस्नी.'

'शपथ हाय माझी. उद्या तिन्हीसांजंला दार उघडंल. तवर कपाळावर पाण्याच्या घड्या ठेव.'

'उद्यापातुर ऱ्हाईल का ही?'

भिवजीनं पोरीच्या कपाळाला हात लावला. या बापलेकीचा एक खेळ होता. तो घरी आला की पोरगी आतून दार धरून बसायची आणि विचारायची, 'कोन हाय?' हा म्हणायचा, 'राजाचा द्वारपाल.' मग खिदळत दार उघडायची. आता तापात तिनं डोळे उघडले, समोर बंद दार दिसलं, आणि आईच्या खांद्यावरून हळूच म्हणाली – 'कोन हाय?'

 

सगुणा पायरीवर बसून राहिली. उन्हं उतरली तशी पोर गार पडली. उठताना सगुणा एवढंच म्हणाली, 'तुमची शपथ ऱ्हायली.'

भिवजीनं लेकीला मातीत ठेवलं, अंघोळ केली आणि सकाळी पुन्हा दारात उभा राहिला. सुतक असतं, हो भटजीबुवा, डोळे वटारू नका! शपथ त्याची होती, जागा दुसऱ्याला देता येत नव्हती. आणि घरी जाऊन तरी काय करणार? आतून दार धरून बसणारं कोण होतं आता?

दिवस कलताना राणी आली. राजपुत्र कडेवर, तोच ताप. नाटकात राणी हुकूम सोडते. मला नाही तसं वाटत. ती मटकन पायरीवर बसली. सगुणा बसली होती, त्याच पायरीवर. भिवजीनं तिच्याकडं बघितलं, भाला भिंतीला टेकवला आणि कडी काढली.

राजा विचारतो, 'वीस दिवस दार राखलंस, आजच का उघडलंस?' भिवजी मान खाली घालून उभा. नाटकात त्याला उत्तरच लिहिलेलं नाही. मला विचाराल तर तो म्हणाला – 'महाराज, काल उघडलं न्हाई.'

राज्य गेलं, मंडळी, पण राणीचं पोर वाचलं. ते नाटकात एका वाक्यात उरकतात, आणि तेवढ्यात तुमचे चुरमुरे सुरू होतात.

आता पुन्हा विचारतो. भिवजी पापी कधी झाला? दार उघडलं तेव्हा, की बंद ठेवलं तेव्हा? आता का गप्प?

केरबा सुतार तेवीस वर्षं भिवजी होतायत. ते नाटकातलं दारही त्यांनीच घडवलंय. खांबाआड बसलेत. केरबा, पुढं या. कीर्तनाचा मानाचा नारळ मला मिळालाय, तो तुमचा.

आणि तुम्ही! कुणी भावाचं तोंड बघणार नाही म्हणून बसलाय, कुणी लेकीला उंबरा बंद केलाय. शब्दाचे पक्के सगळे. घरी जाल तेव्हा पायरीवर कुणी बसलंय का, तेवढं बघा. उद्या उघडू म्हणू नका. तुमची शपथ राहील हो, तानू राहत नाही.