दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या संचालिका बाई, व्यासपीठावर बसलेल्या आणि मी माईक हातात घेतल्यापासून माझ्याकडे काळजीने पाहणाऱ्या वकीलताई, सत्कारमूर्ती सावकाश सर, पहिल्या रांगेतल्या सरांच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी, सहकारी शिक्षक, वर्कशॉपमधले मित्र, आजी-माजी विद्यार्थी, आणि शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांत बसलेले वाहतूक हवालदार साहेब,

हवालदार साहेबांना सरांनी स्वतः बोलावलंय. सरांना पकडलं ते यांनीच. तेव्हा कृपा करून सारखं मागे वळून पाहू नका, ते अवघडतात.

बाईंनी मला बजावलंय की सरांच्या सेवेबद्दल बोला, 'त्या प्रकरणा'बद्दल नको. पण बाई, सरांची निवृत्ती तर अजून लांब होती. प्रकरण वगळलं तर आपण सगळे इथे कशाला जमलोय, हे कसं सांगू? आणि खरं सांगतो, मी या शाळेत वाहतुकीचे नियम शिकवतो, तरी त्या दिवशी गाडी नक्की कोण चालवत होतं, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं असेल तर चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन सांगा.

नव्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या. विद्यार्थी गडबडला की शिक्षकाने आपला दाबायचा. सरांनी तो कसा वापरला, ते इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. आधी 'सावकाश', मग 'सावकाश हं', आणि तिसऱ्यांदा गाडी आपोआप थांबायची. म्हणून ते सावकाश सर.

दर शनिवारी सर एक तास घ्यायचे. त्याचं नाव 'पकडल्यावर'. आठवतंय ना? 'हुज्जत घालू नका. कशासाठी पकडलंय ते विचारा, तो तुमचा हक्क. घरी कळवा, वकील बोलवा, तोही हक्क. वकील येईपर्यंत नाव-पत्ता सोडून काही बोलायची सक्ती नाही. पण नळीत फुंकायला नाही म्हणू नका, त्याचा वेगळा गुन्हा होतो. आणि लायसन्स गेलं, की चहाला जायचं तरी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं.' शेवटच्या वाक्याला पोरं हसायची. सर हसायचे नाहीत.

तर त्या दिवशी भाच्याच्या नव्या घरी जेवण होतं. गाडी सरांची स्वतःचीच, शिकवायची, दोन ब्रेकवाली. वहिनींकडे तेव्हा शिकाऊ लायसन्स. परीक्षेत तीनदा नापास झालेल्या. वहिनी, रागावू नका, सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणाले, 'आज घरी तू ने गाडी, मी बिअर घेतो.' किती शहाणा विचार! प्यायचं तर चालवायचं नाही. पण शिकाऊ माणसाच्या शेजारी शिक्षक लागतो, आणि तो शुद्धीवर लागतो. हे त्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेजारी बसलेला माणूस, आपण शेजारी बसणं म्हणजेसुद्धा गाडी चालवणं असू शकतं हे विसरला.

चौकात अडथळे लावले होते. वहिनींनी गाडी थांबवली, आणि हवालदार साहेब सांगतात, फार सुरेख थांबवली. वास आला म्हणून त्यांनी विचारलं, 'काका, गाडी कोण चालवतंय?'

दोघं एकदम म्हणाले, 'मी.'

सर सवयीने म्हणाले, वहिनी अभिमानाने. साहेबांनी दोघांना वेगवेगळं उभं करून परत विचारलं. परत 'मी'. दोघांना फुंकायला लावलं. वहिनींचं काहीच आलं नाही, सरांचं मर्यादेच्या वर. त्या गडबडीत साहेब कारण सांगायचं विसरले, तर सरच म्हणाले, 'अहो, अटक करताय तर कारण सांगा. माझा हक्क आहे.' त्यावर साहेब म्हणाले, 'काका, तुम्हीच सांगा ना, काय कारण सांगू?' मान हलवतायत बघा मागे. गोंधळ काही माझा एकट्याचा नव्हता.

जामिनावर सर घरी आले. वकीलताई म्हणाल्या, 'ते "मी" तुम्ही वकिलाशिवाय बोललात, ते बाजूला काढता येईल. कोर्टात गप्प बसा, तो तुमचा हक्क आहे. ब्रेक दोन, माणसं दोन, शंकेचा फायदा मिळेल.' आमचा जीव भांड्यात पडला. पण ताई सरळ माणूस, त्यांनी पुढचंही सांगितलं. सर सुटले, तर ते नुसते प्रवासी ठरतात. मग वहिनी शिक्षकाशिवाय गाडी चालवत होत्या, आणि त्यांचं शिकाऊ लायसन्स जातं. म्हणजे दोघांपैकी एकजण बुडणारच.

वहिनी म्हणाल्या, 'माझं जाऊ दे. मी बसने फिरेन. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीला डाग नको.' सर म्हणाले, 'सावकाश ठरवू.'

कोर्टात ताईंनी खुणेने गप्प बसायला सांगितलं. सर उभे राहिले आणि म्हणाले, 'साहेब, गाडी ही चालवत होती, आणि चांगली चालवत होती. पण मी तिचा शिक्षक म्हणून बसलो होतो, माझा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता, आणि मी प्यायलो होतो.'

ताईंनी डोळे मिटले. सरांना दंड झाला, लायसन्स निलंबित झालं, शिकवायचा परवाना कायमचा गेला. म्हणून हा निरोप आज.

मला वाटलं, बाहेर आल्यावर वहिनी रडतील. वहिनी पेटल्या होत्या. 'पाय होता? गाडीत तर म्हणालात, पाय मागे घेतलाय, आज तू एकटी चालवतेस. एवढा तरी विश्वास ठेवायचा!' मी नंतर सरांना एकट्याला गाठून विचारलं, 'सर, पाय होता की नव्हता?' म्हणाले, 'आता त्याचं काय.' म्हणजे सर गाडीत खोटं बोलले की कोर्टात? माझी मती गुंग झाली.

वहिनी चौथ्यांदा परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. टाळ्या वाजवा की! आता गाडी त्या चालवतात, आणि सरांना मागच्या सीटवर बसवतात. आजही तसंच आणलं.

आता भेटवस्तू. शिकवणं संपलं, तेव्हा गाडीतला दुसरा ब्रेक काढून टाका असं वहिनींनीच वर्कशॉपमध्ये सांगितलं. आमच्या मिस्त्रींनी तो काढला, घासूनपुसून लाकडी फळीवर बसवला. हा बघा. पण काढताना त्यांना दिसलं, की तो आधीच सुटा होता. पायाखालचा दांडा ब्रेकला जोडणारी पिन काढून पुढच्या खणात, फडक्यात बांधून ठेवलेली. त्या दिवसानंतर त्या ब्रेकला हात कुणी लावला नव्हता, आणि त्या गाडीचा पाना सरांशिवाय कुणाकडे नसतो. जेवायला निघण्याआधीच सरांनी आपला ब्रेक तोडला होता. त्यांनी कितीही दाबला असता तरी गाडी थांबली नसती. ती वहिनींनीच थांबवली.

सर, मान खाली घालू नका. वहिनींना सांगितलं असतं तर त्या उठून तडक कोर्टात गेल्या असत्या आणि तुम्हाला सोडवायला स्वतःचं लायसन्स घालवून आल्या असत्या, म्हणून तुम्ही त्यांचा राग सोसलात, एवढं मला कळतं. नियमाने हे बरोबर की चूक, ते मात्र मला आणखीच कळेनासं झालंय. शिक्षक म्हणून बसलेला, पण ब्रेक नसलेला माणूस कायद्याने कोण?

वकीलताई, उठू नका. मी हे वकिलाशिवाय बोललोय, तेव्हा बाजूला काढता येईल. हवालदार साहेब, आपण आज पाहुणे आहात.

बाईंनी बोलायची संधी दिली आणि अजून माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. मिस्त्रींचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात बोलू नये ते बोललो असेन, नव्हे बोललोच, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

हा ब्रेक सरांचा. ही पिन मात्र वहिनी, तुमच्याकडे असू द्या. आणि आज घरी जाताना सरांना पुढे बसवा.