मशीनवरची गोधडी

चंद्रभागा : म्हंजे कडेनं सुरू केली तीच चूक?

नीला : हो, जाऊबाय. बघा, सगळी फुगी मधे गोळा झाली. आधी मधोमध एक शिवण मारायची. मग तिच्या उजवीला एक, डावीला एक. कापड बाहेर बाहेर सरकत जातं.

चंद्रभागा : आम्ही जन्मभर कडेनंच शिवल्या गोधड्या.

नीला : हातानं चालतं. हात कापडाला सांभाळून घेतो. मशीन नाय घेत.

चंद्रभागा : उसव मग. आजच्या आज पुरी झाली पायजे.

नीला : एवढी कसली घाई?

चंद्रभागा : शिकवतेस ना? मग शिकव. पुढं?

नीला : तिन्ही थर चटईवर अंथरा. खाली सासूबाईंचं लुगडं, मधे जुनेर, वर माझं पातळ. ताठ ओढून कच्चे टाके घाला. मग दोन्ही अंगांनी वळकटी करायची, तरच मशीनच्या गळ्याखालून जाते.

चंद्रभागा : मधला थर पातळ वाटतो. सहदेवचे शर्ट कुठं हायत?

नीला : ते नको.

चंद्रभागा : का? ड्रायव्हरचं खाकी कापड, चांगलं जाड. ट्रंकेत कुजवतेस?

नीला : दोनच उरलेत. कशेडी घाटात ह्यांच्या गाडीवर दरड आली त्या दिवशी मी धुऊन दोरीवर घातले होते ते.

चंद्रभागा : दरड काय तुझ्या एकटीवर पडली? ह्यांचापण भाऊच गेला. आण.

नीला : घ्या. गोधडी घरातच राहणार म्हणा.

चंद्रभागा : बटणं काप आधी. सुई मोडंल.

नीला : कापली. ह्या शर्टाचा खिसा तेवढा राहू दे, जाऊबाय. मधोमध येईल असा ठेवते.

चंद्रभागा : खिसा उसव. जाड लागंल.

नीला : ...उसवला. आता टाका मोठा करा. वरचा दोरा थोडा सैल. कापड ओढू नका, नुसतं सरळ धरा. हळू... जमलं की! तुमचा हात माझ्यापेक्षा सरळ हाय.

चंद्रभागा : उगा चढवू नकोस.

नीला : खरंच. मी कापीन, तुम्ही शिवा. महाडच्या बाजारात बसू दोघी. भावजी बोलले होते, वर्ष सरू दे, मग नीलाचं बघू. परवा सरलं. मी कुणाला जड नाय होणार. मला फक्त ह्या घरात राहू दे.

चंद्रभागा : कोपरा कसा वळवायचा?

नीला : सुई कापडातच ठेवा. कापड दाबणारा फूट उचला, कापड फिरवा, फूट खाली.

चंद्रभागा : आणि दोरा अडकला तर?

नीला : मी हाय ना.

चंद्रभागा : तू नसलीस तर?

नीला : बॉबिन काढायची, आतला कचरा फुंकायचा, परत ओवायची. तेल आठवड्याला... असं का विचारता?

चंद्रभागा : तुझ्या भावाला सांगावा गेलाय. श्रीपत उद्या सकाळच्या एस्टीनं येतोय, तुला न्यायला.

नीला : किती दिवसांसाठी?

चंद्रभागा : दिवस कसले मोजतेस? ह्यांनी ठरवलं. नवरा नाय, पोर नाय. हितं तुझं काय उरलं?

नीला : ही मशीन माझी हाय! बाबांनी दिली. आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून डोक्यावर घेऊन आले होते.

चंद्रभागा : लग्नात आली ती घराची झाली.

नीला : म्हणून शिकलात माझ्याकडनं? महिनाभर?

चंद्रभागा : मग काय, गंजवायची?

नीला : पाया पडते तुमच्या. गोठ्यात झोपेन, जाऊबाय. हे गेले, आता घरपण नका काढून घेऊ.

चंद्रभागा : पाय सोड गो. मशीन चालवायची हाय.

(बराच वेळ नुसती मशीन चालते.)

चंद्रभागा : झाला शेवटचा कोपरा. बघ, कुठं फुगी राहिली का?

नीला : नाय. साफ आली.

चंद्रभागा : मग घडी घाल आणि तुझ्या गाठोड्यात ठेव. रिकाम्या हातानं धाडली, असं नको म्हणायला श्रीपतनं.